कुंडीतले तण आणि मांजरीचे वेड

प्रश्न : गॅलरीतल्या कुंड्यांमधले पावसाळी तण उपटताना आमच्या मांजरीने त्यातले एक रोपटे पळवले आणि त्याच्या मुळीवर गाल घासत, लाळ गाळत ती लोळत राहिली. मुद्दाम ऑनलाइन मागवलेल्या कॅटनिपकडे, म्हणजे मांजरांना भुलवणाऱ्या सुक्या पाल्याकडे, मात्र तिने ढुंकूनही पाहिले नाही. ही नशा आहे का? आणि शेजारच्या कुंड्यांतील गवती चहा, पुदिना, तुळस, पानओवा तिला चालतील का?
– एक वाचिका, नेरुळ

उत्तर : ते रोपटे बहुधा खोकलीचे असावे. पानांच्या कडा दातेरी आणि तुऱ्यावर पेल्याच्या आकाराची छोटी हिरवी छदे (फुलांना वेढणारी पानासारखी पाती) असतील, तर शंकेला फारशी जागा नाही. पावसाळ्यात हे तण कुंडीत, कंपाउंडच्या भिंतीलगत, कुठेही उगवते. मांजरीला भुरळ पडते ती त्याच्या पानांची नव्हे, मुळीची. म्हणूनच रोप कुंडीत उभे असेपर्यंत ती त्याच्याजवळून निर्विकारपणे जाते आणि तुम्ही ते उपटताच धावून येते. तुटलेल्या मुळीतून जी द्रव्ये बाहेर पडतात, ती कॅटनिपमधील नेपेटालॅक्टोन या मांजरांना भुलवणाऱ्या द्रव्याच्या अगदी जवळच्या नात्यातली आहेत.

नशेबद्दल बोलायचे तर, जपानमधील इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली मातातबी या मांजरांना अशीच भुरळ घालणाऱ्या तिकडच्या वेलीवर केलेले काम पाहण्यासारखे आहे. त्या वेलीतील नेपेटालॅक्टॉलचा वास घेतल्यावर मांजरांच्या रक्तातील एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच तयार करते ते अफूसारखे सुखद द्रव्य, वाढले आणि अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नालोक्सोन टोचल्यावर त्यांचे घासणे-लोळणे कमी झाले. म्हणजे सुख मिळते ते शरीराच्या स्वतःच्याच यंत्रणेतून. शिवाय ज्या मांजरांच्या डोक्याला हे द्रव्य लागले होते, त्यांच्यावर डास कमी बसले. खाडीकाठच्या नेरुळमध्ये डासांविषयी अधिक काय सांगावे! ठाण्याच्या येऊर जंगलातल्या बिबट्यांवर हा प्रयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही, पण जपानी प्राणिसंग्रहालयांतील जग्वार आणि आमूर बिबट्या यांनीही त्या द्रव्यावर असेच गाल घासले होते. हा अंमल साधारण पाच ते पंधरा मिनिटांत ओसरतो आणि त्यानंतर काही काळ तीच मुळी नाकाशी धरली तरी मांजर मान फिरवते. मुळी हुंगू द्यावी, चावून गिळू मात्र देऊ नये.

कॅटनिपच्या बाबतीत दुकानदाराला लगेच दोष देऊ नका. ही आवड बऱ्याच अंशी आनुवंशिक असते आणि साधारण तीनांतल्या एका मांजरावर कॅटनिपचा काहीच परिणाम होत नाही. अगदी लहान पिल्लेही सहसा दाद देत नाहीत, आणि जुन्या, वास उडालेल्या पुडीचा तर प्रश्नच नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर मांजरांपुढे चार वनस्पती ठेवल्या होत्या. त्यात कॅटनिपला दाद न देणाऱ्या मांजरांपैकी सुमारे 75 टक्के मांजरे मातातबीवर मात्र लोळली.

तुळशीची आणि पुदिन्याची एखाददुसरी पाने तिने कुरतडल्यास चिंता नको. गवती चहाची पाती मांजरे हौसेने चघळतात, पण जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. ज्याच्या पानांची आपण भजी करतो, तो पानओवा मात्र उंचावर टांगा. तो मांजरांना बाधतो, उलट्या-जुलाब होतात.

प्रश्न : आमचे मांजर कुंडीतल्या मातीत घाण करते. संत्र्याच्या साली टाकाव्यात की नीलगिरीचे तेल शिंपडावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तेल अजिबात नको. नीलगिरी, टी ट्री, पेपरमिंट यांसारख्या तेलांतील अनेक घटकांचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा मांजरांमध्ये दुबळी असते. मातीतले तेल पंजांना लागते आणि पंजा चाटताना पोटात जाते. संत्र्याचा वास मांजरांना सहसा आवडत नाही, त्यामुळे थोड्या साली टाकून पाहायला हरकत नाही, पण वाळल्या की त्यांचा उपयोग संपतो. त्यापेक्षा मातीवर जाड खडी किंवा करवंट्यांचे तुकडे पसरावेत, म्हणजे त्याला माती उकरताच येणार नाही. आणि तुमच्याकडे समारंभांचे पुष्पगुच्छ येत असतील, तर त्यातली सुवासिक लिली आधी घराबाहेर काढा: तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तसा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.