स्की जंपिंग क्लबच्या जुन्या सभासदांचा आणि स्वयंसेवकांचा सत्कार कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी अमेरिकेत मिनेसोटातल्या एका स्की जंपिंग (पायात स्की बांधून बर्फाच्या टेकडीवरून घसरत येऊन हवेत लांब उडी मारायचा खेळ) क्लबात जाते, कमिटीने सत्काराचं काम तुमच्याकडे दिलंय, आणि हॉलमध्ये तिकीट लावून डिनर, कोरीव पाट्या आणि 'पंचवीस वर्षं पूर्ण' झालेल्यांची यादी असा बेत ठरत आलाय. शाल-श्रीफळ दिलं तर तिथल्या लोकांना कसं वाटेल, हेही विचारलंय. शालीचं खाली सांगते. आधी ते डिनर रद्द करा.

मी रागाने लिहितेय असं वाटेल, आणि आहेच राग. आमच्या क्लबात हुबेहूब हाच बेत झाला होता. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच आहेत. मिडवेस्टमधलं छोटं गाव, एक जुना पोलादी मनोरा, खाली लहान मुलांच्या दोन टेकड्या. आमचा मुलगा तिथे १० मीटरच्या टेकडीपासून सुरू करून पुढे ६० मीटरपर्यंत गेला (हे मीटर उंचीचे नव्हेत, उडीच्या अंदाजे पल्ल्याचे). तो वर चढायचा तेव्हा मी खाली उभी राहून काहीतरी काम मागायची, कारण नुसतं उभं राहवत नसे. तिथेच मला ते आजोबा भेटले. पेपर मिलमधून निवृत्त झालेले, मितभाषी. घरात आम्ही त्यांना 'टेकडीवाले आजोबा' म्हणायचो.

त्यांचं काम काय, हे तुम्ही टेकडीवर जात असाल तर माहीतच असेल, पण यादी करताना हीच कामं कुणाला आठवत नाहीत म्हणून लिहिते. पडलेला किंवा मशीनने पाडलेला बर्फ तसाच उपयोगाचा नसतो. पायात स्की घालून, आडवं उभं राहून, खांद्याला खांदा लावून उतरणीवर वरपासून खालपर्यंत तो तुडवावा लागतो. मग दाताळ्याने सारखा करायचा. ढगाळ दिवशी आकाश आणि बर्फ एकच पांढरं दिसतं, हवेतल्या पोराला जमीन किती खाली आहे ते कळत नाही, म्हणून उतरणीवर पाइनच्या डहाळ्या पसरायच्या. मग स्पर्धेत अंतर मोजायचं. मोठ्या स्पर्धांत आता कॅमेरे मोजतात, पण आमच्याकडे माणसंच उतरणीच्या कडेला ओळीने उभी असायची, प्रत्येकाच्या वाट्याला काही मीटर. दोन्ही पाय टेकले की त्यांच्या मधोमधचा बिंदू धरायचा आणि अर्ध्या मीटरपर्यंत बरोबर सांगायचा. पोर समोरून ताशी ७०-८० किलोमीटरने जात असतं. नॉर्मल हिलवर, म्हणजे ऑलिंपिकमधल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडीवर, एका मीटरला दोन गुण असतात. म्हणजे त्या माणसाची नजर अर्धा मीटर चुकली तर कुणाचा तरी एक गुण गेला. आजोबांनी सांगितलेल्या अंतरावर कुठल्या कोचने हरकत घेतलेली मी पाहिली नाही, आणि कोच लोक हरकत घ्यायला मागेपुढे पाहत नाहीत.

त्यांच्या पत्नी उडी मारताना घालायचे सूट शिवायच्या. नवा सूट परवडत नाही म्हणून लहान क्लबांत तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो आणि दर वेळी आत घ्यावा लागतो. जाड, थरांचं कापड, घरगुती मशीनची सुई त्यात तुटते. आणि माप काटेकोर पाळावं लागतं, सैल सूट पंखासारखा हवा धरतो म्हणून नियमच तसे आहेत. या शिवणीचं महत्त्व काय ते २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांनी पाहिलं. नॉर्वेच्या संघाने सुटात बेकायदा शिवण घातली होती, आणि मोठ्या टेकडीवर दुसरा आलेला मारियस लिंडविक बाद झाला. आमच्या आजींनी वर्षानुवर्षं नियमात बसणारी शिवण घातली, फुकट, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. क्लबच्या कागदांत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्या कधी वर्गणीदार सभासदच नव्हत्या.

तर, सत्काराचा विषय निघाला. यादीत कोण घ्यायचं? तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, ज्यांनी कार्यकारिणीत दहा वर्षं काढली ते, आणि मोठे देणगीदार. मी विचारलं, टेकडीवर राबणाऱ्यांचं काय? उत्तर मिळालं, "त्यांच्या तासांची नोंद नाही. देणगीची पावती असते." हे वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. मी जुन्या स्पर्धांच्या पुस्तिका मागून घेतल्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात जज, स्टार्टर, अंतर मोजणारे यांची नावं छापलेली असतात. पुस्तिकांमागून पुस्तिका तेच नाव, तीच जागा. नोंद होती. कुणी पान उलटलं नव्हतं, एवढंच. कमिटीने यादी पाहिली आणि फार लांब होते म्हणून बाजूला ठेवली. क्लबच्या शताब्दीला मोठा कार्यक्रम करू, तेव्हा यांना घेऊ, असं ठरलं. शताब्दीला अजून बराच अवकाश होता.

तिथे मी त्यांना अँडर्स हाऊगेनची गोष्ट सांगितली. या खेळातल्या प्रत्येक अमेरिकन क्लबने ती भिंतीवर लावावी. १९२४ मध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. हाऊगेन अमेरिकन संघाचा कप्तान, नॉर्वेतून येऊन इथे स्थायिक झालेला. त्याला चौथा क्रमांक मिळाला, कांस्यपदक नॉर्वेच्या थोरलेइफ हाऊगला गेलं. पन्नास वर्षांनी त्याच ऑलिंपिकमधले जुने स्पर्धक थोराल्फ स्ट्रोमस्टाड यांनी गुणांचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा कळलं की हाऊगच्या गुणांची बेरीज चुकली होती. १९७४ मध्ये ऑस्लोत हाऊगेनला पदक मिळालं. हाऊग केव्हाच वारले होते, त्यांच्या मुलीने स्वतः ते पदक त्याच्या हाती दिलं. या खेळातलं अमेरिकेचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि ते घेणारा माणूस ८५ वर्षांचा. त्या मुलीचा मोठेपणा मी कधी विसरणार नाही. पण हाऊगेन तोवर जगले हा निव्वळ योग होता. योगावर भरवसा ठेवून कुणाचा सन्मान पुढे ढकलू नये, असं मी त्या बैठकीत म्हटलं. बैठकीत पुढचा विषय घेण्यात आला.

डिनर ठरलं स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी, शहरातल्या हॉटेलात, तिकीट लावून. त्या दिवशी दुपारी पाऊस पडला. जानेवारीत आमच्याकडे असं होतं. उतरणीवरचा बर्फ भिजला, संध्याकाळी पारा धाडकन खाली आला आणि सगळी टेकडी काचेसारखी झाली. तशा उतरणीवर मुलांना उतरवणं म्हणजे गुडघे मोडायला पाठवणं. म्हणून ज्यांना टेकडी कळत होती ते सगळे हॉटेलात न जाता टेकडीवर आले. दिवे लावले, वरचा कडक थर फोडला, बाजूचा साठवलेला बर्फ ओढून आणला, तुडवला, दाताळ्याने पुन्हा पुन्हा ओढला. आजोबा मधोमध, नॉलच्या (उतरणीच्या वरच्या फुगवट्याच्या) खाली, जिथे सगळ्यात तीव्र उतार असतो तिथे. आजी खालच्या खोलीत सूप गरम ठेवून बसलेल्या. मी दाताळं चालवत होते. त्याच वेळी हॉटेलात 'समर्पित सेवेबद्दल' पाट्या वाटल्या जात होत्या. टेकडीवरच्या माणसांपैकी एकाचंही नाव त्या पाट्यांवर नव्हतं, आणि पाट्या घेणाऱ्यांपैकी त्या रात्री टेकडीवर कुणीही आलं नाही.

माझे वडील सांगलीला कबड्डीच्या मंडळात मैदानावर फक्की मारायचे. सामना कितीही मोठा असो, पहाटे जाऊन मैदान झाडायचं, पाणी मारायचं, दोरी धरून रेषा आखायच्या. सामन्यानंतरच्या एकाही फोटोत ते नाहीत. त्यांना त्याचं काही वाटत नसे, मला वाटायचं. त्या रात्री टेकडीवर मला तेच वाटलं, आणि या वेळी मी गप्प बसणार नव्हते.

रविवारी पहिली फेरी संपल्यावर मी निवेदकाच्या खोलीत गेले. तो भला माणूस, स्वतः जुना जंपर. माझ्या यादीचा कागद त्याला दिला. दोन फेऱ्यांमधल्या वेळेत त्याने एकेक नाव वाचलं आणि प्रत्येक नावापुढे काम. 'थोर सेवा' वगैरे काही नाही. "शुक्रवारी रात्री ही उतरण यांनी तयार केली." "तुमच्या मुलाच्या अंगातला सूट यांनी शिवलाय." "यांनी तुमच्या वडिलांची उडीसुद्धा मोजली होती." आजोबांचं नाव आलं तेव्हा ते आपल्या जागेवर, उतरणीच्या कडेला उभे होते. त्यांना वाटलं अंतर विचारतायत, म्हणून त्यांनी हात वर केला. मग वर मनोऱ्यावर रांगेत थांबलेल्या मुलांनी स्की आपटायला सुरुवात केली, आणि त्यांना उमगलं. आजी खोलीतून बाहेर आल्या त्या ओल्या हातांनीच.

सोमवारी अध्यक्षांचा फोन आला की मी कमिटीच्या कार्यक्रमाला कमीपणा आणला. मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे पुन्हा सांगते, कारण तुमच्या कमिटीतही असा एकजण निघेल. देणगीदारांचे आभार मानावेत, जरूर मानावेत, पण ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने. पैसे देणं आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत बर्फ तुडवणं एका यादीत बसत नाही. बसवलं की पैसेवाले वर जातात, दर वेळी. शिकागोजवळच्या फॉक्स रिव्हर ग्रोव्हचा नॉर्ज क्लब १९०५ पासून चालू आहे, आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चार पुरुष जंपर्सपैकी तिघे, केव्हिन बिकनर, माइक ग्लास्डर आणि केसी लार्सन, त्या क्लबातले होते. शंभर-सव्वाशे वर्षं एखादी टेकडी चालू राहते ती दर हिवाळ्यात तुडवणारे येतात म्हणून. चेक तुडवायला येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 'पंचवीस वर्षं' ही अट काढा. सभासदत्वाची वर्षं मोजली की वर्गणी भरून घरी बसणारा आत येतो आणि सूट शिवणारी बाहेर राहते. बायकांची नावं तर मुद्दाम शोधावी लागतात. पुरुष १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये उड्या मारतायत, मुलींना २०१४ च्या सोचीपर्यंत थांबावं लागलं. त्या काळात क्लबातल्या बायका काय करत होत्या? स्वयंपाकघर, शिवण, निकालपत्रकं, स्पर्धकांच्या नंबरांचे बिब धुणं. ते सगळं क्लबचंच काम आहे. जुन्या पुस्तिका काढा, किल्ल्या कुणाकडे असतात ते विचारा, आणि सगळ्यात आधी स्वयंपाकघरातल्या बाईला विचारा, तिला कमिटीपेक्षा जास्त माहीत असतं.

सत्कार टेकडीवर करा, स्पर्धेच्या दिवशी, दोन फेऱ्यांच्या मध्ये. नाव आणि नेमकं काम वाचा. भाषण नको. पाटी करायचीच तर माणसाच्या घरी धूळ खाणारी नको, ज्या जागी तो उभा राहतो तिथल्या खांबावर लावा.

शाल द्या, बिनधास्त द्या. फक्त ती रेशमी, जरीच्या काठाची, कपाटात राहणारी नको. मी पुढच्या वर्षी गावाकडून घोंगडी आणली होती, खरी मेंढीच्या लोकरीची. आजोबा अंतर मोजताना ती खांद्यावर घेऊन उभे राहायचे, आणि इतर क्लबांचे लोक येऊन विचारायचे की कुठे मिळते. नारळही चालतो, पण का देतो ते एका वाक्यात सांगा, नाहीतर समोरचा गोंधळतो.

एक मात्र खरं, सगळ्यांनाच चारचौघांत नाव वाचलेलं आवडत नाही. त्या भागातली जुनी नॉर्वेजियन-फिनिश वळणाची माणसं संकोची असतात, तेव्हा घरच्यांना आधी विचारून घ्या. मी आजोबांना विचारलं नव्हतं. त्यांना आवडलं हे मला आजींनी सांगितलं, त्यांनी स्वतः कधीच नाही. आणि तुमची कमिटी आमच्यासारखी नसेलही. चांगल्या कमिट्या असतात, मी दोन-तीन पाहिल्या आहेत. डिनर अगदी टळतच नसेल तर स्पर्धा झाल्यावर ठेवा, आणि सत्कार ज्यांचा आहे त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेऊ नका. आमच्याकडे घेतले होते.

यादीचं काम आत्ताच सुरू करा. तुमच्याकडे टेकडीवर बर्फाऐवजी प्लॅस्टिकचं आवरण घालून उन्हाळी सराव होत असेल तर जुनी माणसं पाणी मारायला तिथे येतातच. वही घेऊन जा आणि त्यांच्याकडूनच एकमेकांची नावं लिहून घ्या. स्वतःचं नाव ते सांगणार नाहीत, पण शेजारच्याचं काम बारीकसारीक सांगतील.