वाचक विचारतात : कॉकपिटची ओळख घरी कशी पक्की करावी?

प्रश्न : मी सैन्यदलात हेलिकॉप्टर वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असून सध्या रजेवर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातील घरी आलो आहे. परतल्यावर चेतक हेलिकॉप्टरच्या कॉकपिटची परीक्षा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि प्रशिक्षक नाव घेतील त्या बटणावर किंवा दांड्यावर हात ठेवावा लागतो. संगणकावरील उड्डाणाच्या खेळावर सराव केल्यास चालेल का?
— एक प्रशिक्षणार्थी, ग्वाल्हेर

उत्तर : हातांसाठी त्या खेळाचा थोडाफार उपयोग होईल, पायांना मात्र तो चुकीचे वळण लावण्याची शक्यता अधिक आहे. चेतक हे मूळच्या फ्रेंच अलुएत-३ चे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले रूप असून त्याचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरती पाती, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे डाव्या हातातील कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, वर घेऊन शक्ती वाढवली की नाक डावीकडे वळू लागते आणि ते उजव्या पेडलने सावरावे लागते. बहुतेक अमेरिकी हेलिकॉप्टरांचे रोटर उलट फिरतात, आणि खेळात बहुधा तीच असतात.

त्यापेक्षा घरातील साधी खुर्ची घ्यावी, गुडघ्यांमध्ये सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे व बाजूला झुकवणारा दांडा) म्हणून एक काठी आणि डाव्या बाजूस कलेक्टिव्ह म्हणून दुसरी ठेवावी, आणि समोरच्या उपकरणांच्या पॅनेलचे चित्र आठवणीतून मोठ्या कागदावर काढून समोर लावावे. जिथे कागद कोरा राहील तिथेच अभ्यास कमी पडला आहे, असे समजावे. (कॉकपिटची छायाचित्रे मोबाइलवर घरी आणण्याचा मोह टाळावा.) नंतर उपकरणांच्या नावांच्या चिठ्ठ्या घरातील कोणाला तरी क्रम मोडून वाचायला सांगाव्यात, या कामी आजीआजोबा फार कडक परीक्षक ठरतात. महाराजपूरच्या तळावरील लढाऊ विमाने डोक्यावरून गेली, तरी वाचन थांबवू देऊ नये.

पट्टीचा हेतू वेगाची शर्यत लावणे हा नाही. जमिनीलगत उडताना नजर बाहेरच ठेवावी लागते, आणि धुरात किंवा रात्री दिवे गेल्यावर पॅनेल दिसतेच असे नाही, म्हणून हाताला जागा ठाऊक हवी. तरीही प्रत्यक्षात नाव उच्चारणे, हात नेणे, खात्री करणे आणि मगच हलवणे हा क्रम सोडू नये. घाईने भलताच दांडा ओढणारा हात अजाण हातापेक्षा अधिक धोक्याचा असतो. याला ठळक अपवाद एकच, आणि तो इंजिन बंद पडण्याचा. चेतकला इंजिन एकच आहे. ते थांबताच रोटरचा वेग झपाट्याने घटतो, म्हणून कलेक्टिव्ह तत्काळ खाली गेलेच पाहिजे, म्हणजे खालून येणारी हवा रोटर फिरता ठेवते. ही एक हालचाल विचार न करता होईल इतकी पक्की करावी.

परतल्यावर प्रशिक्षकांच्या परवानगीने थांबलेल्या हेलिकॉप्टरात बसण्याची संधी मागावी आणि सर्वप्रथम आसन व पेडल आपल्या मापाला लावून घ्यावेत, कारण आसन थोडे सरकले तरी हाताचे सारे अंतर बदलते. वीजपुरवठा जोडलेला असेल, तर सरावासाठीही कोणतेही बटण दाबू नये. बोट टेकवून नाव घेणे पुरेसे आहे.