रोजचं वाचन लेवीयापाशीच का अडतं?

या वेळच्या टपालात शास्त्रवाचनाविषयीचे, म्हणजे रोजच्या बायबल वाचनाविषयीचे प्रश्न जास्त आहेत. जागेअभावी पाचच निवडले आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

ख्रिस्तात सलाम. दरवर्षी १ जानेवारीला उत्पत्तीपासून, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात करते, रोज तीन अध्याय. फेब्रुवारी उजाडला की वाचन बंद पडतं, आणि पुढे वर्षभर मनाला टोचणी लागते. माझाच विश्वास कमी पडतो का? – एक भगिनी, संगमनेर

ताई, विश्वासाला यात ओढू नका. आधी हिशेब मांडून बघा. उत्पत्तीचे अध्याय ५०, त्यापुढच्या निर्गमाचे ४०. रोज तीनच्या गतीने १७ जानेवारीला उत्पत्ती संपतं आणि २४ तारखेला दहा आज्ञांचा अध्याय येतो. तोपर्यंत गोष्ट नुसती पळत असते. २५ तारखेला निर्गम २५ उघडतो आणि उपासनेच्या तंबूतले कोश, मेज, दीपवृक्ष यांची मापं सुरू होतात. ३५व्या अध्यायापासून तीच सामग्री प्रत्यक्ष घडवल्याचं वर्णन पुन्हा येतं. ३१ जानेवारीला तुमच्यासमोर लेवीय या तिसऱ्या पुस्तकाचा पहिला अध्याय असतो, म्हणजे होमार्पणाचे विधी. फेब्रुवारीत गाडी अडते ती इथे. उत्पत्तीपासून सरळ वाचत जाणारे पुष्कळ जण याच टप्प्यावर थांबतात, आणि दोष मात्र स्वतःला देतात.

नव्या करारापासून, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागापासून, सुरुवात करा. त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एक अध्याय, असे ५२ आठवडे धरले तर बरोबर २६० होतात. प्रत्येक आठवड्याचे दोन दिवस मोकळे राहतात. पाहुणे, प्रवास, आजारपण त्या दोन दिवसांत मावतं. पहिलं पुस्तक मार्क घ्या. सोळा अध्याय आहेत, तीन आठवडे आणि वर एक दिवस. मत्तय छापील क्रमाने पहिला असला तरी त्याची पहिली सतरा वचनं वंशावळीची आहेत, नवख्या वाचकाचा उत्साह तिथेच ओसरतो. मार्कानंतर लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये वाचा. दोन्ही पुस्तकं थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून आहेत, एकाच लेखकाची आहेत आणि सलग वाचायची आहेत. कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैची मंडळी उभी राहते. ते वाचून झाल्यावर फिलिप्पैकरांस पत्र हाती घेतलं की पौल कोणाला लिहितोय ते समजतं.

लेवीय कायमचं टाळू नका, फक्त शिरायचं दार बदला. आधी अध्याय १६, प्रायश्चित्ताचा दिवस. मग १९, ज्यात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडण्यापासून खऱ्या तराजूपर्यंत रोजचे व्यवहार आहेत. त्यानंतर नव्या करारातले इब्री ९ आणि १०. एवढं झालं की लेवीय १ ते ७ मधली अर्पणं परकी वाटत नाहीत. निर्गमातल्या मापांसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसा. त्या तंबूचं अंगण शंभर हात लांब आणि पन्नास हात रुंद, आणि हात म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. चौकोन आखून वस्तू जागच्या जागी मांडत गेलात तर अर्ध्या तासात ते कंटाळवाणे अध्याय नकाशा होतात.

एका वर्षात पूर्ण बायबलच करायचं असेल, तर ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार तीन-तीन आणि रविवारी पाच म्हणजे आठवड्याला २३, वर्षाला ११९६. गणित जमतं, पण सात अध्यायांचीच सवलत उरते. चार दिवस चुकले की बारा अध्यायांची थकबाकी. ती एका बैठकीत फेडायला बसाल तर डोळे ओळींवरून फिरतील आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून तक्त्यावर तारखा छापू नका, १, २, ३ असे अनुक्रमांक घाला. ज्या दिवशी वाचाल त्या दिवशी पुढच्या आकड्यावर खूण करा. चुकलेला दिवस चुकला, मागचं देणं काही नाही. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेपेला दोन वर्षं घ्या.

रॉबर्ट मरे मॅक्चेन या स्कॉटिश पाळकांचा १८४२ सालचा तक्ता आजही बऱ्याच मंडळ्यांत फिरतो. रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्यांनी तक्त्याबरोबर त्याचे धोकेही लिहून ठेवले होते: वाचन नुसता उपचार होणं, पूर्ण केल्याचा अभिमान चढणं, ओझं न पेलणं. तक्ता वाटणारे हा भाग सहसा वाटत नाहीत.

मी परिचारिका आहे. आठवड्याला ड्युटी बदलते, कधी सकाळ, कधी रात्र. "पहाटे पाचला उठून वाचा" हा सल्ला मला लागूच पडत नाही. – मिरज

नाही पडत, आणि पाडून घेण्याची गरजही नाही. घड्याळ बदलत असेल तर वाचन एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. ड्युटीवरून घरी आल्यावर हातपाय धुऊन चहाचं आधण ठेवता ना? ते उकळेपर्यंत वाचायचं, मग बाहेर उजाडत असो की अंधारत असो. बायबल स्वयंपाकघरातच कोरड्या फळीवर ठेवा. आतल्या कपाटातून काढून आणायला लागलं तर थकलेल्या दिवशी ते निघत नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यासाठी वेगळी, हलकी नेमणूक ठेवा. स्तोत्र १२० ते १३४ ही यरुशलेमेला जाणाऱ्या यात्रेकरूंची पंधरा स्तोत्रं आहेत. १३२ मध्ये अठरा वचनं आहेत. तेवढं सोडलं तर एकही नऊ वचनांच्या वर जात नाही, आणि १३१, १३३, १३४ तर तीन-तीन वचनांची. रोज एक घेतलं तर रात्रपाळीचे दोन आठवडे निघतात. मार्क किंवा लूक चालू असेल तर तिथे खूण ठेवून थांबा, दिवसपाळी आली की पुढे जा. रात्रपाळीनंतर लूक १ सारखा ऐंशी वचनांचा अध्याय काढायचा आणि विसाव्या वचनाला डुलकी लागायची, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नेमणूकच चुकीची होती.

आम्ही कॅथोलिक. घरी बायबल सोसायटीचं मराठी बायबल आहे. मिस्सेचं (चर्चमधल्या उपासनेचं) पहिलं वाचन कधी कधी त्यात सापडतच नाही. आणि रोजची मिस्सेची वाचनं केली तर बायबल पूर्ण होतं का? – वसई

प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठीच्या आवृत्तीत ६६ पुस्तकं असतात, कॅथोलिक बायबलमध्ये ७३. तोबीत, मक्काबी किंवा सिराख यांतलं वाचन असेल तर ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत ते मिळणार नाही. कॅथोलिक आवृत्ती घ्या. स्तोत्रांच्या क्रमांकातही एखाद्याचा फरक दिसेल. जुन्या लॅटिन परंपरेत तेविसावं स्तोत्र बाविसावं आहे, त्यामुळे कंसात दुसरा आकडा दिसला तर गोंधळू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. इतर दिवशी सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून, शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं, आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. पहिलं वाचन मात्र दोन वर्षांच्या चक्रात बदलतं. शुभवर्तमानांचा मोठा भाग यात येतो, जुन्या कराराचे पुष्कळ अध्याय येतच नाहीत. तरी सवय लावायला ही व्यवस्था उत्तम आहे, कारण नेमणूक आधीच ठरलेली असते आणि चर्चमध्ये तेच पुन्हा कानावर पडतं. तिला एकच जोड द्या: पहिलं वाचन ज्या अध्यायातून आलं तो अख्खा अध्याय घरी वाचा. सुरुवातीसाठी नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार सोयीचा, उपासनेचं वर्ष तिथूनच सुरू होतं.

वाचतो, पण बायबल मिटलं की काय वाचलं ते सांगता येत नाही. मोबाइलवर रोज सकाळी एक वचनही येतं, ते मात्र लक्षात राहतं. मग तेवढंच पुरे नाही का? – जालना

त्या एका वचनाचीच परीक्षा घ्या. यिर्मया २९:११ सगळ्या गटांतून फिरतं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, तो चांगल्या भविष्याची आशा देणार आहे. त्याच्या वरचं दहावं वचन उघडा. बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर हे घडेल, असं बंदिवासात नेलेल्या लोकांना पत्रातून कळवलं आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ते पाहायला जगणार नव्हते. वचन खोटं ठरत नाही, त्याचं वजन वाढतं. पण पाठवलेल्या चित्रात हे कुठे दिसतं?

आता लक्षात राहण्याविषयी. अध्याय हे माप सोयीचं आहे, पण मुळातलं नाही. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, वचनांचे आजचे क्रमांक सोळाव्या शतकातले. कधी कधी अध्याय मध्येच तुटतो. यशयातल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत ५३:१ ला सुरू होत नाही, ५२:१३ ला होतं. सृष्टीच्या सात दिवसांचं वर्णन उत्पत्ती २:३ पर्यंत चालतं. म्हणून उपशीर्षकापासून उपशीर्षकापर्यंत एक प्रसंग घ्या आणि तो दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

उदाहरणादाखल मार्क २:१-१२, पक्षाघाती माणूस. वहीत तीनच नोंदी करायच्या. कोण कोण आहे: उचलून आणणारे चौघे, आजारी माणूस, दाराबाहेरपर्यंत गर्दी, बसलेले शास्त्री. कोण काय बोलतं: शास्त्री तोंडाने काहीच बोलत नाहीत, मनात म्हणतात, आणि येशू त्या मनातल्याला उत्तर देतो. आजारी माणूस सबंध प्रसंगात एक अक्षर बोलत नाही. तिसरी नोंद, अडलेली जागा: पाचव्या वचनात येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं आहे. कोणाचा? चौघांचा? सगळ्यांचा? उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल, प्रश्न लिहून ठेवा. संध्याकाळी आठवतो तो हाच प्रश्न. वही नको असेल तर बायबलच्या समासात लिहा, मात्र पेन्सिलीने. कागद पातळ असतो, जेल पेन आणि हायलायटर मागच्या पानावर उतरतात.

मोबाइलवर वाचायला हरकत नाही. मजकूर आधी उतरवून ठेवा आणि वाचताना फ्लाइट मोड लावा.

नातू इंग्रजी माध्यमात. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत मराठी वाचताना अडखळतो, मग चिडतो आणि उठून जातो. सूनबाई म्हणते इंग्रजीच वाचू दे. – एक आजोबा, नाशिक

सूनबाईंचं अर्धं ऐका. नातवाला मराठीतली तीन-चार वचनं द्या, बाकीची तुम्ही वाचा. ऐकलेली गोष्ट मात्र त्याला हव्या त्या भाषेत सांगू द्या. तो वाचत असताना उच्चार सुधारू नका. चिडण्याचं कारण बहुधा तेच असतं, वाचन अवघड असणं नव्हे. नबुखद्नेस्सरसारखी नावं त्या दिवशी तुम्ही घ्या, किंवा उपासनेआधी त्याच्याकडून गंमत म्हणून दोनदा म्हणून घ्या.

पुस्तक निवडताना आधी योना आणि रूथ घ्या. प्रत्येकी चार अध्याय, रोज अर्धा म्हणजे प्रत्येकी आठ संध्याकाळी. योनाचा शेवट प्रश्नावर होतो. तिथे मुलाला बोलू द्या, तुम्ही तात्पर्य सांगायला जाऊ नका. पुढे एस्तेर, दहा अध्याय, मग मार्क. शास्ते हे पुस्तक लहानांसमोर सलग वाचू नका. गिदोन आणि शमशोन निवडून घ्या, शेवटचे तीन अध्याय मोठ्यांसाठी ठेवा.

सगळं मिळून दहा ते बारा मिनिटं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक कडवं, अर्धा अध्याय, नातवाचं सांगणं, छोटी प्रार्थना. जेवणानंतर ठेवलं तर मुलं पेंगतात, ताटं घ्यायच्या आधी ठेवा. आणि प्रार्थना आजोबांनीच लांबवायची नाही.