खाडे झाले म्हणून मस्टरवरचं नाव खोडता येत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं 22 कामगारांचं वर्कशॉप आहे. नऊ वर्षं कामाला असलेला टर्नर न सांगता 26 दिवस आला नाही. ऐन ऑर्डरीत लेथ बंद राहिली. आठ दिवस वाट पाहून गेटवर नोटीस लावली आणि मस्टरवर 'स्वतःहून काम सोडले' असा शेरा मारून नाव कमी केलं. आता तो काविळीचं सर्टिफिकेट घेऊन आलाय. गेल्या सुगीतही त्याने दहा-बारा खाडे केले होते. त्याला परत घ्यावंच लागेल का?

उत्तर : तुमचा राग समजतो, पण तो शेरा कोर्टात टिकणं अवघड आहे. काम सोडलं म्हणायला सोडण्याचा इरादा दिसावा लागतो. सर्टिफिकेट घेऊन गेटवर उभ्या असलेल्या माणसाचा इरादा उलटाच दिसतो. आणि आजारी माणूस गेटवरची नोटीस वाचायला येत नाही हो!

डी. के. यादव खटल्यात (1993) कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, चक्क लिहिलेलं होतं, की आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप गेली. तरीही सर्वोच्च न्यायालयाने म्हणणं न ऐकता काढणं बेकायदा ठरवलं. कामाबाहेर राहिलेल्या काळाचा निम्मा पगार घेऊन कामगार कामावर परतला. तुमच्याकडे तर तसा नियम असल्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही. चौकशीविना नाव कमी करणं ही कायद्याच्या नजरेत कामगारकपात ठरू शकते. मग एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे नऊ वर्षांचा 135 दिवसांचा पगार, आधी द्यायला हवा होता. तो तुम्ही दिलेला दिसत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : घ्या परत, आणि लेखी घ्या. गैरहजेरीचा खुलासा मागा. सर्टिफिकेटची शंका असेल तर डॉक्टरांकडे पडताळा करा. शिल्लक रजा वळती करून उरलेले दिवस बिनपगारी धरा. त्याहून जास्त कापू नका. 'राजीनामा लिहून दे, हिशेब देतो' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका, दबावाखालची सही पुढे तुमच्याच अंगाशी येते.

गेल्या वर्षीच्या खाड्यांबद्दल एखादं ताकीदपत्र दिलंत का? नसेल तर ते आज मोजता येणार नाहीत.

यापुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, व्हॉट्सअॅपवरही टाका. हजर होण्याची तारीख त्यात हवी. आला नाही तर दुसरं पत्र, मग आरोपपत्र आणि चौकशी. चौकशीलाही फिरकला नाही, तर ती त्याच्या गैरहजेरीत पुरी करता येते. पत्र 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलं, तर पाकीट न फोडता तसंच फाईलला लावा.