कंपन्यांची आणि त्यांच्या संचालकांची अचूक माहिती कशी जमवावी व ती अद्ययावत कशी ठेवावी?

आपला प्रश्न असा आहे : महाराष्ट्रातील चार-पाच हजार उत्पादक कंपन्या, त्यांचे संचालक आणि खरेदी विभागाचे प्रमुख यांची यादी हवी आहे, ती तयार विकत घ्यावी की स्वतः जमवावी, आणि ती शिळी होऊ नये म्हणून काय करावे? विकत घेऊ नका. घ्यायचीच झाली तर प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी आणि कशावरून पडताळली हे लिहिले आहे का, एवढे आधी पाहा; लिहिलेले नसेल तर ती यादी फुकट मिळाली तरी घेण्याजोगी नाही. हे मी जरा तावातावाने लिहीत आहे, कारण पुण्यात औद्योगिक सूची तयार करून विकणाऱ्या एका कंपनीत मी चौदा वर्षे पडताळणी विभाग सांभाळला, आणि आपल्या प्रश्नातील 'अचूक' या शब्दावरून तेथील एका व्यवस्थापकांशी माझा जो वाद झाला तो माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मास्टर डेटा, म्हणजे कंपनीची नोंदलेली मूळ माहिती, कशी पाहावी हे आपल्याला ठाऊक असेलच, त्यामुळे त्यात न शिरता तेथील माहिती कोठे फसवते तेवढे सांगते. कंपनीपुढे 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेले असणे म्हणजे तिचे नाव नोंदवहीतून वगळलेले नाही, इतकेच. कारखान्याला कुलूप लागून तीन पावसाळे झाले तरी तो शब्द तसाच राहू शकतो. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता बऱ्याचदा सीएच्या कार्यालयाचा किंवा संचालकाच्या राहत्या घराचा असतो, आणि ईमेलही पुष्कळदा सीएचाच. संचालक नेमला किंवा त्याने पद सोडले की डीआयआर-१२ हा फॉर्म तीस दिवसांत भरायचा असतो, परंतु जादा शुल्क देऊन तो उशिराही भरता येतो, आणि राजीनामा देणाऱ्याने आपण बाहेर पडल्याचे कळवणारा डीआयआर-११ स्वतः भरण्याची सक्ती २०१८ पासून राहिलेली नाही. त्यामुळे भांडून बाहेर पडलेला भागीदार पोर्टलवर मात्र महिनोन्महिने मांडीला मांडी लावून बसलेला दिसतो. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाच्या २०१५ च्या नियमांनुसार असे बदल शेअर बाजाराला तातडीने कळवावे लागतात, म्हणून तेथे ही अडचण कमी. पण आपल्या यादीत अशा कंपन्या मूठभरच असणार.

आता मुख्य गोष्ट. माणसाची ओळख नावाने ठेवू नका, डीआयएनने म्हणजे संचालक ओळख क्रमांकाने ठेवा. हा आठ आकडी क्रमांक एका व्यक्तीला एकच मिळतो, दुसरा घेण्यास २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १५५ मनाई करते, आणि माणसाने दहा कंपन्या बदलल्या किंवा लग्नानंतर बाईंचे नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. हे मला आधीपासून माहीत होते आणि आमच्या संगणकात त्यासाठी स्वतंत्र रकानाही होता. २०१५ मध्ये विक्री विभागातून आमच्याकडे आलेल्या व्यवस्थापकांनी तो काढून टाकला. त्यांचे म्हणणे असे की ग्राहक मोबाइल क्रमांक विचारतात, डीआयएन कोणी विचारत नाही, आणि त्या आठ आकड्यांमुळे पडद्यावरील जागा मात्र अडते. त्याच झपाट्यात पाकिटांवरील पत्त्याच्या चिठ्ठीत मावावे म्हणून वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर ठेवायचे ठरले. मी लेखी हरकत घेतली. ती फाइलला लागली आणि तेथेच राहिली.

त्यानंतर दुबार नोंदी काढण्याचे काम निघाले. नाव, आडनाव, आद्याक्षर आणि गाव जुळले की सॉफ्टवेअर दोन नोंदींची जोडी लावत असे आणि कोणीतरी ती मंजूर करायची. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ठिकठिकाणच्या कंपनी निबंधकांनी, म्हणजे कंपन्यांची नोंदवही ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, अपात्र संचालकांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. ज्या कंपन्यांनी सलग तीन आर्थिक वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केले नव्हते त्यांचे संचालक कलम १६४(२) खाली पाच वर्षांसाठी अपात्र ठरले होते, आणि त्याच वर्षी दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावेही नोंदवहीतून वगळली गेली. आमच्या ग्राहकांत काही वित्तसंस्था होत्या. त्यांना ही माहिती आमच्या नोंदींवर उमटलेली हवी होती. निबंधकांच्या यादीत प्रत्येकापुढे डीआयएन छापलेला होता. आमच्याकडे तो ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून ती यादी आम्ही नावांवरून जुळवली.

२०१८ च्या फेब्रुवारीत एके सकाळी मी कार्यालयात पोहोचले तेव्हा स्वागतकक्षात कोल्हापूरहून आलेले एक गृहस्थ मांडीवर फाइल ठेवून बसले होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची फाउंड्री होती, वाहनांच्या सुट्या भागांचे कास्टिंग ते करत, आणि नव्या इंडक्शन भट्टीसाठी त्यांनी कर्ज मागितले होते. कर्ज कोणी नाकारले नव्हते. फाइल नुसती पुढे सरकत नव्हती. अखेर तेथील एका अधिकाऱ्याने दबक्या आवाजात सांगितले की तुमच्या नावापुढे अपात्रतेचा शेरा दिसतो आहे, आणि तो कोठून आला हेही सांगितले. ते थेट आमच्या दारात आले.

त्यांनी फाइलमधून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला : स्वतःचे डीआयएन मिळाल्याचे पत्र, चुलतभावाचे तसेच पत्र, आणि शेवटी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले. आजोबा गेल्यावर दोन भावांना वर्षभराच्या अंतराने मुलगे झाले आणि दोघांनीही मुलाला आपल्या वडिलांचे नाव ठेवले. आपल्याकडे यात नवल काही नाही. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. फरक होता तो फक्त मधल्या नावाचा, म्हणजे एकाचे वडील दत्तात्रय आणि दुसऱ्याचे दिनकर, आणि आमच्या चिठ्ठीत दोघांच्याही वाट्याला 'द.' एवढेच आले होते. चुलतभावाची कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि त्याने विवरणपत्रे भरली नव्हती. आमच्या संगणकात तो आणि हे गृहस्थ मिळून एकच माणूस झाला होता, दोन कंपन्यांचा संचालक आणि अपात्र. मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारले, "बाई, मग आम्ही आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं नाही का?" मला उत्तर देता आले नाही. मी त्यांना व्यवस्थापकांकडे घेऊन गेले. व्यवस्थापकांनी चहा मागवला आणि लाखभर नोंदींत अशी एखादी चूक व्हायचीच, असे सांगितले.

त्या 'लाखभर' शब्दाशीच माझे भांडण आहे. ज्याला आपली नोंद चुकीची सापडते त्याच्या दृष्टीने यादीत एकच नोंद असते. व्यवस्थापकांना दर वर्षी वाढलेला आकडा माहितीपत्रकावर छापायचा असे, आणि आकडा वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुने काही न काढणे व नवे न तपासता भरणे. मी म्हणत असे की सूचीत साठ हजारच कंपन्या असू द्या, पण प्रत्येकीसमोर तारीख हवी. आणि तीही संपूर्ण नोंदीला एक तारीख नव्हे, तर पत्त्याची वेगळी, संचालकांची वेगळी, दूरध्वनीची वेगळी, कारण कारखान्याचा पत्ता दहा वर्षे टिकतो आणि खरेदी व्यवस्थापक दोन वर्षांत निघून जातो. आपण एक्सेलमध्येच काम करणार असाल तरी प्रत्येक रकान्याशेजारी 'कधी' आणि 'कशावरून' असे दोन रकाने ठेवा. पत्रक रुंद होईल, ते होऊ द्या.

कंपनीची ओळखही नावावर सोडू नका. सीआयएन हा कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक कायमचा समजला जातो, पण कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध झाली, खासगीची सार्वजनिक झाली किंवा तिने नोंदणीचे राज्य बदलले की तो बदलतो. म्हणून जुना सीआयएन पुसू नका, नव्याशेजारी ठेवा. त्याहून स्थिर पॅन. तो कोणाकडे मागावाही लागत नाही, कारण बिलावर छापलेल्या जीएसटी क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजेच पॅन, आणि त्यातील चौथे अक्षर समोरची संस्था कंपनी आहे, भागीदारी आहे की एकट्याचा व्यवसाय आहे हे सांगते. कारखाना खरोखर चालू आहे का, हे जीएसटीच्या पोर्टलवर विवरणपत्रे भरल्याच्या तारखांवरून जितके कळते तितके 'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दावरून कळत नाही.

खरेदी विभागप्रमुखाचे नाव यांपैकी कोठेही मिळणार नाही, कारण निबंधकांकडे नोंद असते ती संचालकांची आणि कायद्याने ठरवलेल्या मोजक्या प्रमुख अधिकाऱ्यांची. तेथे दूरध्वनीला पर्याय नाही. फोनवर "अमुक साहेब आहेत का?" असे कधीही विचारू नका, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले साहेबसुद्धा "मीटिंगमध्ये आहेत" असे उत्तर मिळते. "सध्या खरेदी कोण पाहते?" असे विचारावे. पुण्याजवळच्या भोसरीकडे गुरुवारी फोन लावण्यात अर्थ नाही, तेथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. संचालकांची फेरतपासणी डिसेंबरात करावी, कारण बहुतेक कंपन्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि वार्षिक विवरणपत्र सभेनंतर साठ दिवसांत भरायचे असते. चार-पाच हजारांची घाई न करता आधी दोनशे कंपन्या अशा रीतीने पूर्ण करा आणि त्यांना किती दिवस लागले ते मोजा. आपल्याला मुळात किती मोठी यादी परवडते हे त्यावरूनच कळेल.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. भागीदारी संस्था आणि एकट्या मालकाचे व्यवसाय कंपनी निबंधकांच्या नोंदवहीत नसतातच, त्यामुळे लहान कारखानदारांच्या बाबतीत डीआयएनचा माझा आग्रह निरुपयोगी आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, कायद्यानुसार प्रसिद्ध करावी लागलेली किंवा त्या व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती वगळली असली, तरी कोणाकडून तरी मिळवलेला खासगी मोबाइल क्रमांक त्या सवलतीत बसत नाही; तो यादीत घालण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

तिसरी गोष्ट मी सहसा सांगत नाही. दुबार नोंदींच्या जोड्या मंजूर केल्याच्या कागदावर सही माझी होती. एका दुपारी मी चारशेहून अधिक जोड्या पाहिल्या आणि ही जोडी त्यांत होती. रकाना काढला व्यवस्थापकांनी, पण 'द.' म्हणजे कोण, असे विचारायला शिरोलीला एक फोन मला करता आला असता.

त्या दिवशी गृहस्थांची नोंद मी त्यांच्यासमोर वेगळी केली आणि वित्तसंस्थेला दुरुस्तीचे पत्र पाठवले. जाताना त्यांनी आपला मोबाइल क्रमांक आमच्या यादीतून काढायला सांगितला, तोही काढला. डीआयएनचा रकाना परत यायला मात्र पुढचा जानेवारी उजाडला.