आधी कागद बघ

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. तू लिलावात घ्यायचं म्हणतेस त्या सॅम फ्रान्सिसच्या जलरंगातल्या चित्राचे फोटो बघितले, लिलाववाल्यांचा कंडिशन रिपोर्टही, म्हणजे चित्राची अवस्था सांगणारा अहवाल, वाचला. ‘गायतोंडे काही या जन्मात परवडणार नाहीत काका, म्हणून सॅम फ्रान्सिस’ हे तुझं वाक्य वाचून हसू आलं. पहिला अर्धा भाग मान्य. २०१३च्या डिसेंबरात क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे या आपल्या अमूर्त चित्रकाराचं १९७९चं कॅनव्हास २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हापासून आपल्यासारख्यांनी त्यांना संग्रहालयात जाऊनच भेटायचं. दुसऱ्या अर्ध्याशी मात्र माझं भांडण आहे. कुणाच्या तरी बदली म्हणून घेतलेलं चित्र येता-जाता नसलेल्या चित्राचीच आठवण करून देतं. सॅम फ्रान्सिस घ्यायचा तर त्याच्यासाठीच घे.

आणि तुला सॅन होजेत बसून तो शेजारचाच की. हा अमेरिकन अमूर्त चित्रकार १९२३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओत जन्मला. बर्कलीला वनस्पतिशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र असं काहीबाही शिकत होता. युद्धात हवाई दलात गेला, तिथे विमान अपघातात पाठीला मार बसला आणि पुढे मणक्याचा क्षय निघाला. वर्षानुवर्षं इस्पितळ. जलरंग त्यानं हाती घेतले ते तिथे, खाटेवर पडल्या पडल्या. डेव्हिड पार्क हा सॅन फ्रान्सिस्कोचा चित्रकार इस्पितळात येऊन त्याला शिकवून जायचा. छतावर खेळणारा उजेड, खिडकीतलं पहाटेचं आणि संध्याकाळचं आकाश, एवढंच बघायला होतं. त्यातही वस्तूंपेक्षा उजेडातच त्याला जास्त रस, असं त्याच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. १९५० मध्ये तो पॅरिसला गेला, १९५२ मध्ये तिथे पहिलं एकल प्रदर्शन झालं, आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं बारा अमेरिकन कलावंतांचं प्रदर्शन भरवलं, त्यात हा होता.

हे चरित्र तुला विकिपीडियावरही मिळालं असतं. मी सांगतोय ते एवढ्यासाठी, की जलरंग ही त्याच्या बाबतीत मोठ्या कॅनव्हासांची पूर्वतयारी नव्हे, सुरुवातच तिथून आहे. १९६१ मध्ये मूत्रपिंडाच्या क्षयानं बर्नच्या इस्पितळात पडला, तेव्हाही हाताशी जलरंगच होते. निळ्या गोलांची त्याची मालिका त्या आजारपणातली. तेव्हा ‘कागदावरचं आहे म्हणून स्वस्त, म्हणून दुय्यम’ हा बाजाराचा हिशेब तू डोक्यात घेऊ नकोस. किंमत कमी आहे त्याचा फायदा जरूर घे. आपल्या गायतोंड्यांनीसुद्धा १९८४च्या अपघातानंतर, मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहणं जमेनासं झालं तेव्हा, कागदावर शाईची लहान लहान चित्रं केली. मला विचारशील तर त्यातली काही मला कोट्यवधींच्या कॅनव्हासांहून जवळची वाटतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या या चित्रात डावीकडे निळ्याचे चार-पाच थेंब, खालच्या कडेला लाल आणि जरासा पिवळा, आणि उरलेला सगळा कागद कोरा. तू लिहितेस, ‘मधला मोकळा भागच मला सगळ्यात आवडतो.’ तुझी नजर बरोबर आहे. पण मग हेही ध्यानात घे की तू पैसे मोजणार आहेस ते मुख्यतः त्या कोऱ्या कागदाचे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत येतो. कागद पिवळा पडला की पांढरा तर गेलाच, वर निळाही मळतो, कारण त्याच्या पाठीमागचा दिवाच मंद झाला. निसर्गचित्रात हे एक वेळ खपून जातं, जुन्या कागदाची ऊब वगैरे म्हणून लोक कौतुकही करतात. फ्रान्सिसच्या चित्रात खपत नाही.

विक्रेते या पांढऱ्याला जपानचं लेबल चिकटवतात. झेन, शून्य, मौन, काय काय. तो १९५७ मध्ये जपानला गेला, तिथे रमला, त्याचे मोठे संग्राहकही तिथलेच, सगळं खरं. पण पॅरिसमधली त्याची पांढरी कॅनव्हासं १९५०-५२ सालातली, म्हणजे जपान बघायच्या आधीची. कॅटलॉगमधली ती पानं उलटून टाक आणि रिपोर्ट उघड.

रिपोर्टात तीन गोष्टी लिहिल्यात. ‘ओव्हरऑल टोनिंग’, म्हणजे कागद सगळीकडून सारखा पिवळसर झालाय. ‘मॅट बर्न’, म्हणजे जुन्या आम्लयुक्त माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदाच्या चौकटीच्या, खिडकीच्या कडेनं तपकिरी पट्टी उमटली आहे. या दोन्हींबद्दल बोलता येईल. तिसरा शब्द त्यांनी शेवटी हळूच घातलाय, ‘लेड डाउन’. म्हणजे अख्खा कागद पुठ्ठ्याला चिकटवलेला आहे. माझी शंका तिथे आहे. लिथोग्राफ किंवा एचिंग, म्हणजे दगडावरून वा धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, असतं तर पुष्कळदा पाण्यात सोडून पुठ्ठा सोडवता येतो, कागद धुऊन पिवळेपणाही उतरवता येतो. जलरंगात रंग धरून ठेवतो तो बाभळीच्या जातीचा डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो. तुझ्या चित्राला अंघोळ घालायची सोय नाही. पुठ्ठा मागून कोरडाच, पापुद्रा-पापुद्रा करून तासावा लागतो. उभं आयुष्य कागद दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, हे काम होतं, पण त्याचं बिल चित्राच्या किमतीत धरूनच बोली ठरव. पुठ्ठा कशाचा आहे आणि चिकटवलाय कशानं, हे लिलावघराला लेखी विचार. गव्हाची खळ असेल तर हायसं वाटेल. ड्राय-माउंटिंगचा टिश्यू, इस्त्रीसारख्या गरम प्रेसनं चिकटवलेला, असं उत्तर आलं तर हे चित्र सोडून दे.

पुठ्ठ्यामुळे आणखी एक नुकसान झालंय. फ्रान्सिस पुष्कळदा सही आणि साल मागच्या बाजूला लिहायचा. ती बाजू आता दिसत नाही, म्हणजे अर्धी साक्ष दाबलेली आहे. वर्णनात जो ‘एसएफ’नं सुरू होणारा क्रमांक दिलाय, तो सॅम फ्रान्सिस फाउंडेशनच्या नोंदींतला आहे. तिथे कागदावरच्या कामांचं कॅटलॉग रेझोने, म्हणजे एकूण एक कामांची संशोधित सूची, तयार होतंय आणि हे क्रमांक तात्पुरते असतात. ‘संशोधनानुसार बदल संभवतो’ अशी तळटीप तुला सापडेल. क्रमांक असणं चांगलंच, पण त्याला प्रमाणपत्र समजू नकोस. फाउंडेशन तुझ्याच राज्यात आहे. क्रमांक, मापं आणि फोटो पाठवून नोंद जुळते का एवढं विचारून घे.

प्रीव्ह्यूच्या दिवशी, म्हणजे लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात तेव्हा, स्वतः जा. दहापट मोठं दाखवणारी छोटी लूप आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. चित्र फ्रेमबाहेर काढून दाखवा म्हणून सांग; लाजू नकोस, त्यांना सवय असते. आधी टॉर्च जवळजवळ कागदाला टेकवून आडवा धर. चुण्या, फुगवटे, ओल लागून कागद उठलेला असेल तर सगळं सावलीनिशी वर येतं. मग लूप एका निळ्या थेंबाच्या कडेवर ने. थेंब वाळताना पाणी कडेकडून उडतं आणि रंगाचे कण तिकडे वाहत जातात, म्हणून कड मधल्या भागापेक्षा गडद होते. ओट्यावर सांडलेल्या कॉफीचा डाग आठव. त्या गडद कडेत रंगाचे कण कागदाच्या दऱ्याखोऱ्यांत साचलेले दिसले पाहिजेत, आणि उंचवट्यांवर कागद उघडा राहिलेला. निळा जिथे पिवळ्याला भेटतो तिथे जरा जास्त थांब. पिवळा ओला असताना निळा पडला असेल तर कड विरघळून हिरवी धुसर झालेली दिसेल. वाळल्यावर पडला असेल तर निळ्याची रेघ शाबूत असेल आणि हिरवा फक्त तिच्या आत. कोणता थेंब आधी, कोणता नंतर, हे असं सांगत सांगत तुला सगळं चित्र पुन्हा घडताना बघता येईल. मला तरी या धंद्यात यापेक्षा मोठी चैन माहीत नाही.

हे बघायला सांगतो त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. या माणसानं लिथोग्राफही भरपूर केले. १९६३ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत बसून केले. पातळ शाईच्या वॉशनं केलेला लिथो हुबेहूब जलरंगासारखा दिसतो, आणि त्यात ऑफसेट छपाईसारखे ठिपकेही नसतात. पण त्यात शाई कागदावर सगळीकडे सारख्या जाडीनं बसते, आणि एकावर एक छापलेले रंग एकमेकांत वाहत नाहीत. कडेला साठलेले कण तिथे सापडणार नाहीत. अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर तोही मागून घे. कागद शुभ्र पांढरा व्हावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५०च्या सुमारास वापरात आली. तुझं चित्र १९५७चं म्हणतायत, तेव्हा कागद निळसर चमकला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही; १९४७चं म्हणून कुणी गळ्यात मारायला लागला आणि चमकला, तर मात्र सरळ नमस्कार करून निघ.

पैशांचं थोडक्यात. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. लिलावघर घेणाऱ्याकडून वर लावतं तो प्रीमियम साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास, शिवाय कॅलिफोर्नियाचा सेल्स टॅक्स. त्यात कागददुरुस्ती आणि फ्रेम मिळव, मग आकडा ठरव आणि तो कागदावर लिहून सोबत ने. वरचा आकडा ऐन वेळी सुचत असतो.

फ्रेमबद्दल दोन गोष्टी. खिडकीचा माउंट करू देऊ नकोस. याच्या चित्रात कडेला टेकलेला थेंब महत्त्वाचा असतो. माउंटची खिडकी नेमका तोच झाकते आणि पांढऱ्याला भलतीच चौकट घालते. कागदाच्या चारही कडा दिसतील असा फ्लोट कर. वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीनं लावलेल्या, आणि काच कागदापासून सुटी. दुसरी गोष्ट भिंतीची. संग्रहालयं जलरंगांना पन्नास लक्सच्या वर उजेड देत नाहीत आणि काही महिन्यांनी चित्र काढून अंधारात ठेवतात. अलिझरिन क्रिमझनसारखे लाल फार लवकर उडतात, आणि उडालेला रंग कुणीही परत आणू शकत नाही. यूव्ही फिल्टरची काच लाव, पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नकोस. साधा, डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग खातोच. तुझ्या दिवाणखान्यात पश्चिमेची खिडकी आहे असं तुझी आई सांगत होती. चित्र घरातल्या आतल्या बोळात लाव.

आणि हो, ‘दोन-तीन वर्षांनी आईबाबांकडे डोंबिवलीला पाठवेन’ असं लिहिलं आहेस, ते मनातून काढून टाक. तिथला जून ते सप्टेंबर, बाहेरच्या भिंतीला आलेली ओल आणि फ्रेमच्या मागे कोंडलेली हवा. पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी ठिपके उमटायला लागतील, आणि तुझ्या चित्रात ते लपायला जागा नाही. त्यांना हवंच असेल तर एक चांगला फोटो छापून दे, तो खुशाल दारासमोर लावू देत.

लिलावघराचं उत्तर आलं की मला जसंच्या तसं पाठव, तू सारांश काढू नकोस. पुठ्ठ्याच्या मागचाही फोटो मागव. तिथे फ्रेमरची, जुन्या गॅलरीची एखादी चिठ्ठी असते आणि लोक ती फोटोत घेत नाहीत. प्रीव्ह्यू शनिवारी असेल तर इकडे रात्र उलटून गेलेली असेल, तरी फोन कर. मी जागा असतो.

तुझा,
काका