ओट्याचा 'काळा ग्रॅनाइट' आणि डोंगराचा 'काळा कातळ'

प्रश्न असा: सह्याद्रीचा काळा कातळ, मूर्तीचा काळवथर, बांधकामावरचा काळा पाषाण आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट ही एकाच दगडाची चार नावे आहेत का? जोडीला एक उपप्रश्न: अशा, म्हणजे शिलारस (वितळलेला खडक) निवून बनलेल्या दगडांना 'अग्निज' म्हणावे की 'अग्निजन्य'?

उपप्रश्न लवकर मिटतो. दोन्ही रूपे रूढ आहेत, अर्थ एकच. सुटसुटीत म्हणून मी 'अग्निज' लिहीन. मात्र त्याऐवजी 'ज्वालामुखीजन्य' लिहू नये. ग्रॅनाइट अग्निज आहे, पण तो ज्वालामुखीतून बाहेर आलेला नाही. शिलारस जमिनीखाली खोलवर सावकाश निवून तो बनतो. बेसाल्ट हा भूपृष्ठावर पसरून लवकर थिजलेला लाव्हा.

आता मुख्य प्रश्न. 'कातळ' हे खडकाच्या जातीचे नावच नव्हे. माती-मुरमाखाली किंवा उघड्यावर लागणारा सलग, अखंड दगड म्हणजे कातळ. देशावर तो बहुधा बेसाल्ट निघतो, म्हणून तिथे दोन्ही शब्द एकच वाटतात. रत्नागिरीच्या सड्यावर मात्र कातळ म्हणजे जांभा, आणि तिथली कातळशिल्पे जांभ्यातच कोरलेली आहेत. जांभा अग्निज नाही. मूळ खडक उष्ण, दमट हवेत दीर्घकाळ कुजून, त्यातली सिलिका वाहून जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिल्याने तो तयार होतो. 'काळवथर' आणि 'काळा पाषाण' ही नावे रंगावरून पडली. महाराष्ट्रात त्यांचा रोख बहुतेक वेळा बेसाल्टकडे असतो, पण शब्दात तशी हमी नाही.

खरा घोळ 'ग्रॅनाइट' या शब्दाचा. दगडाच्या बाजारात जो कठीण दगड चकचकीत पॉलिश घेतो तो ग्रॅनाइट. भूविज्ञानात हे नाव फार काटेकोर आहे: क्वार्ट्झ आणि फेल्स्पार मिळून जेवढी खनिजे, त्यांत क्वार्ट्झ 20 ते 60 टक्के हवे आणि एकूण फेल्स्पारात अल्कली फेल्स्पार 35 ते 90 टक्के. एवढी फिकी खनिजे असलेला दगड काळाकुट्ट दिसणे अवघड. दक्षिण भारतातून येणारा 'काळा ग्रॅनाइट' बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. रासायनिक घडण पाहिली तर तो बेसाल्टचा भाऊबंद. फरक कणांचा: बेसाल्टचे कण नुसत्या डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, डोलेराइटचे साधारण मिलिमीटरभर, गॅब्रोचे त्याहून मोठे. त्यामुळे दुकानदार खोटे बोलत नाही, त्याच्या धंद्याची भाषा निराळी आहे एवढेच.

कडप्पा या चौघांत येतच नाही. काळा असला तरी तो चुनखडक, म्हणजे गाळाचा दगड. शहाबादी फरशीही तशीच. ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला सुरीच्या टोकाने ओरखडा काढावा आणि निघालेल्या भुकटीवर लिंबू पिळावे. बारीक बुडबुडे आले तर चुनखडक. ओरखडा न काढता पॉलिशवर लिंबू टाकले तर वरच्या लेपामुळे फसायला होते, शिवाय दगड चुनखडक असला तर डाग कायमचा राहतो.

रानातला दगड ओळखताना पहिली चूक होते ती बाहेरची साल पाहून. बेसाल्ट हवेने तांबूस-तपकिरी होतो, तेव्हा हातोडीने ताजा काप काढावा, तो ओला करावा आणि दहापट भिंगातून पाहावा. आधी कण पाहावेत, मग खनिजे, रंग सगळ्यात शेवटी. रंग फसवतो: ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच, काळाभोर असतो, पण त्याची घडण बहुधा ग्रॅनाइटसारखी सिलिकाबहुल असते. क्वार्ट्झ काचेसारखे वेडेवाकडे फुटते. फेल्स्पारला सपाट पृष्ठे असतात आणि दगड फिरवला की ती लकाकतात. दोन्हींवर सुरीचा ओरखडा उमटत नाही.

काही बेसाल्टांत फेल्स्पारचे मोठाले स्फटिक असतात. ते पाहून 'कण मोठे, म्हणजे ग्रॅनाइट' असे म्हणू नये, भोवतालचा पोत पाहावा. कुहरी, म्हणजे पोकळ्या असलेला बेसाल्ट याहून फसवा. त्या पोकळ्यांत कॅल्साइट (चुनखडकातले खनिज) भरलेले असेल तर आम्ल टाकताच फसफसते, पण ते पोकळीत, दगडात नाही. थेंब नेमका कुठे पडला ते बघायलाच हवे.

शंका उरली तर वजन करावे. तुकडा हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलावा. हवेतले वजन 580 ग्रॅम आणि पाण्यातले 380 भरले तर फरक 200, आणि 580 भागिले 200, म्हणजे घनता 2.9. ताजा, भरीव बेसाल्ट 2.8 ते 3.0 च्या आसपास येतो, ग्रॅनाइट 2.6 ते 2.7. सच्छिद्र किंवा कुजका तुकडा घेतला तर आकडा खाली घसरतो आणि बेसाल्टच ग्रॅनाइट ठरतो.

देवळातल्या मूर्तीवर यातले काहीच करता येत नाही; तेल आणि शेंदराखाली कण दिसत नाहीत आणि ओरखडा काढायचा प्रश्नच नाही. तेव्हा माहितीफलकावर 'काळ्या पाषाणाची मूर्ती' लिहिणे बरोबर. 'बेसाल्टची' किंवा 'ग्रॅनाइटची' असे तपासणीशिवाय लिहू नये.